नाशकात दलदलीचं ऑर्किड : फायसची लागवड, कुंडी भरण्यापासून दांड्यावरच्या रोपांपर्यंत

ऑर्किड म्हटलं की लाकडाला बांधलेलं, मुळं हवेत लोंबणारं डेंड्रोबियम किंवा व्हँडा डोळ्यांसमोर येतं. फायस टँकरव्हिली त्याच कुळातलं, पण वागणूक वेगळी. ते जमिनीत वाढतं, कर्दळीसारखं बुंध्यापासून पसरत जातं, पानं सुपारीच्या रोपासारखी उभ्या घड्यांची आणि दोन-तीन फूट लांब. फूल नसताना कुंडी पाहून कोणी त्याला ऑर्किड म्हणणार नाही. मग थंडी सरताना बल्बच्या, म्हणजे बुंध्याशी फुगलेल्या, साठा धरणाऱ्या खोडाच्या, बुडातून एक जाड दांडा निघतो, तीन-चार फूट चढतो आणि त्यावर दहा-वीस फुलं खालून वर उमलत जातात. प्रत्येक फूल चार इंचांचं, पाकळ्या बाहेरून पांढऱ्या, आतून तांबूस तपकिरी, मध्ये गुलाबी-जांभळी नळी.

इंग्रजीत याला स्वॅम्प ऑर्किड, म्हणजे दलदलीचं ऑर्किड म्हणतात. नाशकात या झाडाचा सर्वांत जास्त घात याच नावाने होतो. नाव ऐकून लोक ते बादलीत उभं करतात आणि दोन महिन्यांत मुळं काळी पडतात. रानात ते ओढ्याच्या काठाला, पाणथळ जागेच्या कडेला, ओलसर जंगलात वाढतं. मुळं असतात वरच्या भुसभुशीत पालापाचोळ्यात, पाणी असतं त्याच्या खाली आणि ते हलतं असतं. म्हणजे ओल कायम हवी, पण मुळांना हवाही मिळायला हवी. या लेखातली प्रत्येक कृती या एका गोष्टीवर उभी आहे.

हे झाड बागेत कसं आलं

ईशान्य भारत, श्रीलंका, चीन, आग्नेय आशिया ते थेट ऑस्ट्रेलियाचा पूर्व किनारा, एवढा याचा मूळ पसारा. जॉन फॉदरगिल या लंडनच्या डॉक्टरने १७७८ मध्ये ते चीनमधून इंग्लंडला आणवलं. वॉल्टन-ऑन-टेम्स इथल्या वनस्पतीवेड्या लेडी एमा टँकरव्हिल यांचं नाव त्याला मिळालं. फायस हा वंश पोर्तुगीज धर्मप्रसारक जुआंव द लोरेरो याने १७९० मध्ये मांडला. ग्रीकमध्ये या शब्दाचा अर्थ काळपट, करडा. टँकरव्हिलीला त्या वंशात १८५६ मध्ये ब्लूम या वनस्पतिशास्त्रज्ञाने आणलं. अलीकडे काही वर्गीकरणतज्ज्ञ ते कॅलॅन्थे वंशात धरतात, त्यामुळे नर्सरीच्या पाटीवर वेगळं नाव दिसलं तर गोंधळू नका. टँकरव्हिलीचं स्पेलिंगसुद्धा तीन-चार तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं.

त्या काळी युरोपात गेलेली झाडावरची ऑर्किडं काचघराच्या कोंडलेल्या, वाफाळ हवेत कुजून मरत. फायस तगलं, कारण ते मातीतलं होतं, खादाड होतं आणि बल्बमध्ये साठा असल्याने लांबचा प्रवास सोसू शकत होतं. पुढे जमैका, हवाई, फ्लोरिडा इथे ते बागेतून सुटून रानातही रुजलं. उलट ऑस्ट्रेलियात, त्याच्या स्वतःच्या मुलखात, पाणथळ जागा बुजवल्याने आणि झाडं उपटून नेल्याने ते दुर्मिळ झालं आहे. सगळी ऑर्किडं साइट्स या, दुर्मिळ जीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांत आहेत, म्हणून परदेशातून रोप मागवायचं तर कागदपत्रं लागतात. ती भानगड कशाला? कालिम्पाँगकडच्या नर्सऱ्यांत लागवडीची रोपं मिळतात. रानातून उपटलेलं रोप मात्र घेऊ नका. एक तर ते झाडाच्या मुळावर येणं आहे, दुसरं म्हणजे असं रोप बहुधा तगत नाही.

नाशिकचं हवामान : काय फुकटात मिळतं, काय मिळत नाही

शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा सहज १० अंशांखाली येतो. फायसला फूल धरायला १०-१३ अंशांच्या थंड रात्री मानवतात. किनारपट्टीवरच्या लोकांना त्या मिळत नाहीत, आपल्याला फुकट मिळतात. ही जमेची बाजू.

उलट बाजू मार्च ते जूनची. तापमान ३८-४० अंशांवर जातं, पण खरा वैरी उकाडा नाही, कोरडी हवा आहे. सावली आणि ओल असेल तर फायस ३८ अंश सोसतं. गरम वारा लागला की तेच पान दोन दिवसांत कडेने कागदासारखं वाळतं. दुसरी अडचण बोअरच्या पाण्याची. काळ्या बेसाल्टच्या या पट्ट्यात अनेक ठिकाणी ते जड आहे. तिसरी निफाड, ओझर, पिंपळगावकडची : तिथे थंडीत पारा शहरापेक्षाही खाली जातो. ५ अंशांखाली पानांवर पाणी भिजल्यासारखे डाग पडून ती काळी होतात, म्हणून अशा रात्री कुंडी व्हरांड्यात किंवा पॉलिथिनच्या आडोशाला घ्यावी लागते.

त्र्यंबकेश्वर-इगतपुरीकडे हवेचा प्रश्न नाही, तिथे पावसाचा आहे. त्याबद्दल पुढे.

जागा

पूर्वेची गॅलरी सर्वांत उत्तम. सकाळी साडेनऊ-दहापर्यंतचं ऊन आणि नंतर उजेडाची सावली. पश्चिमेची गॅलरी असेल तर एप्रिल-मेमध्ये तिचा नाद सोडा. गच्चीवर ठेवायचं असेल तर जून ते फेब्रुवारी ५० टक्क्यांची शेडनेट आणि मार्च ते मे ७५ टक्क्यांची. नेट डोक्यावर किमान सात-आठ फुटांवर बांधा. खाली बांधली की तिच्याखाली गरम हवा कोंडते आणि दांडे वर अडकतात.

उजेड बरोबर आहे की नाही ते पानच सांगतं. मध्यम हिरवं, ताठ पान म्हणजे ठीक. गडद हिरवं, लांब, लोळणारं पान म्हणजे सावली जास्त आणि फूल येणार नाही. पिवळट पान आणि मध्येच कोरडे तांबूस चट्टे म्हणजे ऊन जास्त.

उन्हाळ्यात आर्द्रतेसाठी दिवसभर पानांवर पाणी मारत बसण्याला अर्थ नाही. पाच मिनिटांत ते उडून जातं आणि पाणी जड असेल तर पानावर पांढरे डाग सोडतं. त्यापेक्षा कुंड्या एकत्र ठेवा, वाऱ्याच्या बाजूला ओलं केलेलं गोणपाट किंवा दाट शेडनेटचा पडदा लावा आणि गच्चीची फरशी दुपारी बारा आणि चारला भिजवा. कूलर असेल तर त्याच्या ओल्या हवेच्या वाटेवर, पण थेट झोतात नाही, कुंडी ठेवली तरी फरक दिसतो.

रोप घेताना

जुलै ते सप्टेंबर हा रोप मागवायचा काळ. एप्रिल-मेमध्ये कुरिअरच्या खोक्यात तापलेलं रोप उघडताना त्याची पानं शिजल्यासारखी मऊ निघतात. किमान तीन बल्ब आणि एक नवा फुटवा असलेलं रोप घ्या. एक-दोन बल्बांचं स्वस्त मिळतं, पण फुलाला दोन हंगाम जास्त लागतात.

बल्ब दाबून पाहा, टणक हवा. थोडा सुरकुतलेला चालतो, मऊ नको. पान उजेडाकडे धरून पाहा. शिरांना समांतर फिकट-गडद तुटक पट्टे किंवा गोलाकार खुणा दिसल्या तर विषाणूची शंका घ्या आणि ते रोप परत करा, कारण त्यावर औषध नाही. मात्र मोडलेल्या, खरचटलेल्या जागी निळसर-काळा रंग दिसला तर घाबरायचं कारण नाही. फायसच्या पेशींत निळीचं मूळ द्रव्य असतं, जखम झाली आणि हवा लागली की तिथे नीळ तयार होते. फुलाची पाकळी बोटाने चुरगाळली तरी तेच दिसतं.

नवं रोप तीन आठवडे बाकीच्या झाडांपासून दूर ठेवा.

मिश्रण

काळी माती नाही. थोडीसुद्धा नाही. ती ओली झाली की मुळांभोवती गच्च बसते, हवा संपते, वाळली की भेगा पाडून मुळं तोडते, वर तिच्यात चुनखडीचे खडे असतात. तांबडी मातीही कुंडीत वर्षभरात दगड होते.

१० ते १२ इंच तोंडाच्या कुंडीला साधारण १२ लिटर मिश्रण लागतं :

धुतलेलं कोकोपीट ४ लिटर
नारळाच्या सोडणाचे अर्धा-पाऊण इंचाचे तुकडे ३ लिटर
पूर्ण कुजलेलं, चाळलेलं पालापाचोळ्याचं खत २ लिटर
२ ते ४ मिलिमीटरची जाड, धुतलेली वाळू २ लिटर
लोणारी कोळशाचे हरभऱ्याएवढे तुकडे १ लिटर

यात शेणखत घातलेलं नाही, ते मुद्दाम. अर्धवट कुजलेलं शेणखत ओल्या कुंडीत तापतं, सडतं आणि हुमणीची अंडी-अळ्या आणतं. खत द्रवरूपात देता येतं.

कोकोपीट विकत आणलं तसं वापरू नका, त्यात मीठ असतं. ६५० ग्रॅमची वीट पाच लिटर पाण्यात फुगवा, त्या पाण्यात १५ ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट विरघळवा, रात्रभर ठेवा, पिळून टाका आणि मग साध्या पाण्याने दोनदा धुवा. कॅल्शियम कोकोपीटला चिकटलेलं सोडियम-पोटॅशियम हुसकावतं. नुसतं धुऊन ते पूर्ण निघत नाही. द्राक्षबागायतदाराच्या घरी ईसी मीटर (पाण्यातल्या क्षारांचं प्रमाण विजेच्या वहनावरून दाखवणारा) असतोच, धुतल्यावर निथळलेल्या पाण्याची ईसी ०.५ च्या खाली आली पाहिजे. सोडणाचे तुकडेही दोन दिवस पाण्यात ठेवा आणि तांबडं पाणी रोज ओता.

वाळूची परीक्षा लिंबाने होते. चमचाभर वाळूवर लिंबू पिळा. बुडबुडे फसफसले तर तिच्यात चुना आहे, ती टाकून द्या. फायसला ५.५ ते ६.५ पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) हवा, चुनखडीची वाळू तो हळूहळू ७.५ च्या पुढे नेते आणि मग नवी पानं शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा अशी येऊ लागतात. लोह कुंडीत असतं, पण झाडाला घेता येत नाही.

कुंडी भरणं

प्लास्टिकची कुंडी घ्या. मातीची दिसायला सुंदर, पण नाशकाच्या मेमध्ये तिच्या भिंतीतून पाणी उडतं आणि कडेची मुळं वाळतात. तळाला बोटाएवढी सहा-आठ छिद्रं हवीत.

पहिलं : तळाला एक इंच विटांच्या तुकड्यांचा किंवा मोठ्या कोळशाचा थर. जास्त जाड थराने निचरा वाढत नाही, फक्त मुळांची जागा कमी होते.

दुसरं : रोप कुंडीतून काढून जुनं मिश्रण झटका. पांढरी, टणक मुळं ठेवा. पोकळ, तपकिरी, ओढली की साल निघून आत दोरा राहणारी मुळं उकळत्या पाण्यात बुडवलेल्या कात्रीने कापा. विषाणू कात्रीवरूनच पसरतात, म्हणून प्रत्येक रोपानंतर कात्री गॅसच्या ज्योतीवर लाल होईपर्यंत तापवा. हा कंटाळा करणाऱ्यांच्या सगळ्या कुंड्या एकदम आजारी पडतात.

तिसरं : सर्वांत जुना बल्ब कुंडीच्या कडेला आणि नवा फुटवा मध्याकडे तोंड करून ठेवा. झाड एकाच दिशेने पुढे सरकत जातं, त्याला दोन वर्षांची जागा द्या.

चौथं : मिश्रण भरताना बल्बचा खालचा तिसरा भाग तेवढा झाका. हे ठिकाण सर्वांत जास्त चुकतं. हळदीच्या गड्ड्यासारखा बल्ब खोल पुरला की फुटवा मातीतच कुजतो. वर ठेवला की नव्या मुळांना टेकायला जागा मिळत नाही.

पाचवं : वरून दाबू नका, कुंडी दोनदा जमिनीवर हलकेच आपटा. मिश्रण बसल्यावर काठापासून एक इंच खाली राहिलं पाहिजे. रोप हलत असेल तर काठी लावून बांधा. हलणाऱ्या रोपाची नवी मुळं घासून मोडतात.

पहिले चार दिवस नुसती ओल ठेवा, कापलेल्या जखमा सुकू द्या. मग नेहमीसारखं पाणी.

पुस्तकांत कुंडी बदलायची वेळ 'फुलं संपल्यावर लगेच' अशी लिहिलेली असते. नाशकात त्या वेळी एप्रिल संपत आलेला असतो आणि मुळं तोडलेलं झाड त्या हवेत उभं राहत नाही. मृग लागेपर्यंत थांबा. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात हवा ओली होते, नव्या फुटव्याची मुळं नुकती डोकं काढत असतात, तेव्हा हात घाला. दर दोन वर्षांनी एवढं पुरे.

पाणी

उन्हाळ्यात दहा इंची कुंडीतलं भरलेलं झाड दिवसाला एक-दीड लिटर पाणी पितं. मार्च ते जून कुंडीखाली ताटली ठेवा आणि तीत दोन सेंटिमीटर पाणी. ते चोवीस तासांत संपलं पाहिजे. दुसऱ्या दिवशीही उरलं तर एक दिवस ताटली कोरडी ठेवा. ही ताटली म्हणजे दलदलीची नक्कल. मात्र दर चार-पाच दिवसांनी ती घासून धुवा, नाहीतर डेंग्यूच्या डासांची शेती तुमच्याच गॅलरीत होते.

पाऊस लागला की ताटली काढा आणि थेट मार्चपर्यंत लावू नका. पावसाळ्यात मिश्रण कायम ओलं असतंच. शहरातली जुलैची रिपरिप फायसला फार आवडते, कुंडी उघड्यावर चालते. त्र्यंबक-इगतपुरीकडे मात्र डोक्यावर छप्पर लागतंच, कारण तिथे आठवडाभर पाऊस थांबत नाही, फुटव्याच्या पानांच्या सुरळीत पाणी साचून राहतं आणि सुरळी आतून सडते. ओढली की हातात येते आणि घाण वास मारते.

हिवाळ्यात बोटाचं एक पेर मिश्रणात घाला, वरचा इंचभर कोरडा लागला तरच पाणी. साधारण चार-पाच दिवसांनी एकदा, सकाळी. पूर्ण कोरडं पाडू नका. काही ऑर्किडांना थंडीत उपास घालतात, फायस सदाहरित आहे, त्याला उपास नको. जुन्या बल्बची एक-दोन पानं पिवळी होऊन गळतात, तेवढं चालायचंच.

पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं माप) २०० च्या खाली असेल तर काही करायला नको. ३०० ते ४०० असेल तर निम्मं पावसाचं पाणी मिसळा आणि आठवड्यातून एकदा कुंडीच्या तिप्पट पाणी ओतून साठलेले क्षार धुऊन काढा. त्यापुढे बोअरचं पाणी फायसला देऊच नका. सायट्रिक ॲसिड घालून पीएच उतरवता येतो, दहा लिटरला एक ग्रॅमपासून सुरुवात करून पट्टीवर ६ येईपर्यंत. पण त्याने क्षार कमी होत नाहीत, फक्त चुन्याचा जोर मोडतो. आरओच्या मशीनमधून सांडणारं पाणी तर अजिबात नको, त्यात काढलेले सगळे क्षार एकवटलेले असतात.

पावसाचं पाणी साठवणं वाटतं तेवढं अवघड नाही. १० चौरस मीटर पत्र्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला की १,००० लिटर होतं, गळती धरूनही ८०० हाती लागतं. मार्च ते जूनमध्ये एका झाडाला शंभर-सव्वाशे लिटर लागतात, निम्मं मिसळायचं तर साठ. म्हणजे झाकणाच्या २०० लिटरच्या एका ड्रमात तीन झाडांचा उन्हाळा निघतो. पहिल्या दोन सरी वाहू द्या, मग नळी ड्रमात सोडा. काळा किंवा निळा ड्रम घ्या, पांढऱ्यात शेवाळ होतं.

खत

ऑर्किडांत फायस खादाड आहे. इतरांना देतात तेवढ्या चिमूटभर खतावर याचे बल्ब बोराएवढे राहतात. द्राक्षाच्या कृषी दुकानात मिळणारी विद्राव्य खतंच इथे चालतात, ऑर्किडचं म्हणून महाग विकलं जाणारं वेगळं खत घ्यायची गरज नाही. फक्त मात्रा बागेची लावू नका.

जूनअखेर ते सप्टेंबर : १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश यांची टक्केवारी), लिटरला एक ग्रॅम, दर दहा दिवसांनी. अधल्या-मधल्या पाळीला कॅल्शियम नायट्रेट अर्धा ग्रॅम लिटरला. दोन्ही एका बादलीत कधीही मिसळू नका, कॅल्शियम आणि स्फुरद मिळून पांढरा साका बसतो आणि दोन्ही वाया जातात. महिन्यातून एकदा मॅग्नेशियम सल्फेट अर्धा ग्रॅम लिटरला. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये १३:०:४५, एक ग्रॅम लिटरला, पंधरा दिवसांनी. तेव्हा बल्ब भरत असतो, नत्राचा जोर लावला तर पानंच येत राहतात. मध्य डिसेंबरपासून दांडा बोटभर वर येईपर्यंत खत बंद. दांडा दिसला की अर्ध्या मात्रेत १९:१९:१९ तीन-चार पाळ्या.

खत नेहमी ओल्या मिश्रणावर द्या. कोरड्यावर दिलं तर पानांची टोकं जळतात.

दांडा आणि फूल

जानेवारी-फेब्रुवारीत सर्वांत नव्या बल्बच्या बुडाशी जाड, बोथट टोक दिसतं. फुटवा चपटा आणि टोकदार असतो, दांडा गोल आणि गुबगुबीत. दांडा वीतभर झाला की बाजूला बांबूची काठी रोवा, बल्बपासून चार बोटं लांब, आणि सैल आठच्या आकड्याने बांधा. दांडा दिसल्यावर कुंडी फिरवू नका. उजेडाची दिशा बदलली की तो वळतो आणि फुलं वेडीवाकडी होतात.

कळ्या पिवळ्या पडून गळणं ही नाशकातली सर्वांत जास्त येणारी तक्रार. कारण जवळजवळ नेहमी एकच : मार्चमधला गरम वारा आणि त्याच दिवशी सुकलेली कुंडी. कळ्या दिसल्या की ताटली सुरू करा आणि कुंडी आडोशाला घ्या. सगळे बल्ब दणकट असूनही दांडाच येत नसेल, तर कुंडी बहुतेक घरात, बंद गॅलरीत आहे आणि तिला थंड रात्री मिळालेल्या नाहीत. डिसेंबरात सहा आठवडे तिला बाहेर झोपवा.

काही रोपांत फूल आपोआप फळतं आणि शेंगा धरतात. त्या खुडा, बल्बची ताकद तिकडे जाते.

रोग आणि कीड

मार्च ते मे लाल कोळी. पानाच्या पाठीवर राखाडी झाक आणि बारीक जाळी. द्राक्षवाल्यांना ओळख करून द्यायला नको. पाठीमागून पाण्याचा जोरदार फवारा तीन दिवसांआड, आणि संध्याकाळी निंबोळी तेल लिटरला तीन मिली, थोड्या साबणासह. बागेत मारतात ते गंधक ३२ अंशांच्या पुढे फायसची पातळ पानं भाजतं. तसंच बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) आणि तांब्याची इतर औषधं नव्या फुटव्यावर मारू नका, टोकं काळी पडतात. द्राक्षबागेला लागून कुंड्या असतील तर फवारणीच्या दिवशी त्यांवर कापड टाका.

पावसाळ्यात गोगलगायी. एका रात्रीत कोवळा फुटवा खाऊन मोकळ्या होतात आणि फुटवा गेला म्हणजे पुढच्या वर्षीचं फूल गेलं. रात्री नऊनंतर बॅटरी घेऊन वेचणं हाच खात्रीचा उपाय. काकडीच्या साली पोत्याखाली ठेवल्या तर सकाळी तिथे जमलेल्या सापडतात.

पानावर कोरडे, कडा गडद असलेले काळे ठिपके बुरशीचे असतात : तेवढा भाग कापा, हवा खेळती करा, रात्री पान ओलं राहू देऊ नका. पाणीदार, पसरणारा, वास मारणारा डाग जिवाणूंचा : बाधित भाग निरोग्या भागात दोन सेंटिमीटर आत जाऊन कापा आणि आठवडाभर वरून पाणी बंद. पानाच्या बगलेत कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला तर स्पिरिटमध्ये भिजवलेल्या बोळ्याने पुसा.

रोपं वाढवणं

विभागणी सोपी आहे. मृगात कुंडी बदलताना तीन-तीन बल्बांचे गट कापा, कापलेल्या जागी बुरशीनाशकाची पूड लावा, एक दिवस सावलीत सुकवा आणि लावा. पानं गळालेले जुने बल्बही टाकू नका. ओल्या मॉसवर ठेवले तर पावसाळ्यात त्यांना डोळे फुटतात.

बियांचं घरी जमत नाही. शेंगेत धुळीसारखं बी असतं, पण त्यात रोपाला पोसणारा साठाच नसतो. रानात विशिष्ट बुरशी ते काम करते. १९२२ मध्ये अमेरिकेतले वनस्पतिशास्त्रज्ञ लुईस नडसन यांनी साखर आणि क्षार घातलेल्या आगारवर (समुद्री शेवाळापासूनच्या जेलीवर), बुरशीशिवाय ऑर्किडचं बी उगवून दाखवलं, तेव्हापासून हे काम प्रयोगशाळेचं झालं. ऊतिसंवर्धनाची ओळखीची लॅब असेल तर पिकण्याआधीची हिरवी शेंग त्यांना द्या.

फायसची खरी गंमत मात्र फुलाच्या दांड्यात आहे. बहुतेक लोक तो फुलं गळाल्यावर कचऱ्यात टाकतात. त्याच्या खालच्या भागात, फुलांच्या खाली, पेरावर झोपलेले डोळे असतात.

शेवटचं फूल पडलं की दांडा हिरवा असतानाच बुडाशी कापा. फुलं आलेला वरचा भाग काढून टाका. उरलेल्याचे दोन-दोन पेरांचे तुकडे करा, साधारण वीतभर. दोन्ही टोकांना बुरशीनाशकाची पूड लावा. पेरावरचं कोरडं आवरण नखाने हलकेच सोला, खाली हिरवा टिंब दिसतो, त्याला धक्का लावू नका. झाकणाच्या पारदर्शक डब्यात दोन इंच धुतलेलं कोकोपीट आणि वाळू निम्मी-निम्मी भरा. मूठ दाबली की एक-दोनच थेंब पडतील इतकी ओल. तुकडे आडवे ठेवा, डोळा वरच्या बाजूला, अर्धा दांडा रुतलेला. झाकण लावा.

हा एप्रिल असतो, म्हणून डब्याला ऊन दाखवू नका. बंद डबा दहा मिनिटांत उकडतो. घरातल्या सर्वांत थंड खोलीत, उत्तरेच्या खिडकीशी ठेवा, २५-२८ अंश पुरेत. चार दिवसांनी एकदा झाकण उघडून हवा द्या. बुरशी दिसली तर तो तुकडा लगेच बाहेर. सहा ते दहा आठवड्यांत डोळ्यातून पान, मग मूळ येतं. प्रत्येक डोळा फुटत नाही, निम्मे फुटले तरी भरपूर झालं.

मुळं एक-दीड इंच झाली की जुन्या दांड्याचा तुकडा तसाच ठेवून तीन इंची कुंडीत लावा, तोवर पावसाळा लागलेला असतो. झाकण एकदम काढू नका, आठ दिवस रोज थोडं जास्त उघडत न्या. पहिल्या वर्षी खत पाव मात्रेत. प्रत्येक कुंडीत पाटी आणि तारीख खोचा, कारण एवढंसं फायस कोवळ्या सुपारीपासून वेगळं ओळखू येत नाही. दुसऱ्या मृगात सहा इंची कुंडी, तिसऱ्यात दहा इंची, आणि त्याच्या पुढच्या थंडीत बुडाशी बोथट टोक शोधायला लागा.